उद्घाटनानंतरचा विकास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना शाळा काढणाऱ्यांइतकाच शाळा चालवणाऱ्यांबद्दल आदर होता, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मी जे मांडणार आहे ते त्यांना आवडले असते अशी आशा धरून बोलायला उभा आहे.

पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा: गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांपुढील शाश्वत विकासाची आव्हाने. विषय एका संध्याकाळी मावणारा नाही. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी १७ उद्दिष्टे आणि त्यांखाली १६९ लक्ष्ये मान्य केली. मुदत २०३० ची. २०२४ च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनीच सांगितले की ज्यांची प्रगती मोजता येते त्या लक्ष्यांपैकी जेमतेम १७ टक्के वाटेवर आहेत. बाकीची मागे पडली आहेत, काही रखडली आहेत, काही तर उलटी फिरली आहेत.

का रखडली? पैसा नाही म्हणून? तंत्रज्ञान नाही म्हणून? राज्यकर्त्यांना इच्छा नाही म्हणून? ही तिन्ही उत्तरे थोडी थोडी खरी आहेत. पण माझी नोकरी ग्रामीण पाणीपुरवठ्यात गेली, आणि त्या कामाने मला एक वेगळे उत्तर शिकवले. आपले देश बांधण्यात कमी पडत नाहीत, सांभाळण्यात कमी पडतात. धरण बांधतो, टाकी बांधतो, दवाखाना बांधतो, फीत कापतो, फोटो काढतो. मग? पुढे काय? या 'पुढे काय'साठी ना पैशाची तरतूद असते, ना माणूस नेमलेला असतो, ना मानसन्मान असतो. शाश्वत विकासाचे सर्वांत मोठे आव्हान मला इथे दिसते, आणि ते मी चार मुद्द्यांत मांडणार आहे.

सगळीकडे हिंडण्याऐवजी मी एकच वस्तू धरून बोलेन. तुमच्यापैकी प्रत्येकाने ती वापरली आहे. हापसा. तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या विषयाला हापसा? हो. कारण गरीब देशांच्या विकासाची अख्खी कहाणी या एका दांड्यात सापडते, आणि त्या कहाणीतले एक महत्त्वाचे पान आपल्या सोलापुरात लिहिले गेले आहे.

पहिला मुद्दा. बांधणे मोजले जाते, चालणे मोजले जात नाही.

१९६६-६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर युनिसेफने कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रे भारतात आणली. हवेच्या दाबावर चालणारी ही यंत्रे थोड्या वेळात खोल बोअर घेत. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. समोरच्या ज्येष्ठांना तो सांगायला नको. खडी फोडणारे हात, सुकडीच्या रांगा, कोरड्या आडात उतरलेली माणसे हे तुम्ही पाहिलेले आहे. त्या वर्षांत गावोगाव बोअर झाले, त्यांवर हापसे बसले, आणि अहवाल भरभरून लिहिले गेले. इतके बोअर, इतके पंप, इतक्या गावांना पाणी.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्याला कुणीतरी एक साधा प्रश्न विचारला. यातले चालू किती आहेत? पाहणीत निघाले की दर चार पंपांतले तीन बंद! खडक फोडला होता, पाणी लागले होते, खर्च झाला होता, आणि बाई पुन्हा घागर घेऊन जुन्या विहिरीच्या वाटेला लागली होती.

असे का झाले? कारण ते पंप बिडाचे होते आणि मुळात परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी आखलेल्या पंपांच्या नकला होते. तिथे दिवसातून चार बादल्या काढायच्या. इथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्खे गाव त्यावर. खिळी झिजायची, सांधे ढिले व्हायचे, बीड तडकायचे. पंप वाईट नव्हता, तो आपल्या गावासाठी नव्हता.

उत्तर मिळाले ते मराठी मुलखात. जालना आणि सोलापूर इथे ख्रिस्ती मिशनच्या विहिरी खोदण्याच्या कामात गुंतलेल्या मंडळींनी आणि त्यांच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांनी मोडलेले पंप उघडून पाहिले होते. त्यांनी बीड सोडले आणि पोलाद घेतले. अनेक सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला, त्यात बॉल बेअरिंग बसवले, आणि दांड्याला साखळी जोडली, म्हणजे आतली सळई सरळ रेषेत वर-खाली होईल, वाकडी ओढली जाणार नाही. तो 'शोलापूर पंप'. युनिसेफने देशातले पंप तपासले तेव्हा सर्वांत दणकट तोच ठरला. त्यावरून सुधारित नमुना तयार झाला, कोइमतूरच्या परिसरात प्रत्यक्ष गावांत वापरून पाहिला गेला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने तो बनवला, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' या नावाने तो बाहेर पडला. त्यावर कुणाचा मालकी हक्क ठेवला नाही. भारतीय मानक ठरवले आणि त्या मापात कुणीही बनवावा अशी मोकळीक दिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार झाले होते. आफ्रिकेतल्या कित्येक गावांत आज ज्या हापशावर पाणी भरतात, त्याचे मूळ या शहरात आहे. सोलापूरच्या चादरीइतकाच याचाही अभिमान आपल्याला वाटायला हवा.

पण मला यातून एक गोष्ट ठसवायची आहे. हे सगळे घडले कारण कुणीतरी बसवलेल्या पंपांऐवजी चालणारे पंप मोजले. अपयश मोजले, म्हणून सुधारणा झाली.

आणि जिथे मोजले जात नाही, तिथे काय होते? लिबियात दर्ना नावाचे बंदराचे शहर आहे. त्याच्या वर दरीत सत्तरच्या दशकात दोन धरणे बांधली. १९९८ मध्ये त्यांना तडे गेल्याचे लक्षात आले. दुरुस्तीचे कंत्राट २००७ साली दिले. काम २०१० मध्ये सुरू झाले आणि २०११ च्या यादवीत थांबले. ते परत सुरू झालेच नाही. २०२२ मध्ये तिथल्या ओमर अल-मुख्तार विद्यापीठातल्या एका जलशास्त्रज्ञाने छापून इशारा दिला. ११ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे वादळी पावसात दोन्ही धरणे फुटली आणि हजारो माणसे वस्त्यांसकट समुद्रात वाहून गेली. लिबिया गरीब देश नाही, त्याच्याकडे तेल आहे. पैसा होता, इशारा होता, पंचवीस वर्षे हातात होती. नव्हती ती सांभाळणारी व्यवस्था.

लिबिया लांब वाटतो? चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण आठवा. २ जुलै २०१९ ची रात्र. धरण फुटले आणि वीसहून जास्त माणसे गेली. धरण गळते आहे अशा तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. प्रमाण वेगळे, गोष्ट तीच.

आता दुसरा मुद्दा. दुरुस्तीचे ज्ञान आणि सुटा भाग गावापासून जितका लांब, तितका विकास कच्चा.

हापसा बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड कुठे असतो? खाली, पाण्यातल्या सिलिंडरमध्ये. तिथे दट्ट्याला चामड्याचा किंवा रबरी वॉशर असतो. तो झिजला की दांडा हलतो, पण पाणी येत नाही. वॉशर काही रुपयांचा. पण मार्क टूमध्ये तो बदलायचा तर सगळे पाइप आणि सिलिंडर बोअरमधून वर काढावे लागतात. त्याला तिकटी लागते, जड पाने लागतात, चार-सहा माणसे लागतात, आणि तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून गाडी यावी लागते. म्हणजे काही रुपयांच्या वॉशरसाठी गाव आठवडेच्या आठवडे वाट पाहणार. मी अशी गावे पाहिली आहेत. हापशाचा दांडा काढून ठेवलेला, शेजारी शेळी बांधलेली, आणि सरपंच तक्रार अर्जाची पोच दाखवताहेत. अर्ज खरा, पोच खरी, तहानही खरी.

यावर उपाय निघाला तो 'मार्क थ्री'. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे पाइप जागेवर ठेवून नुसती सळई ओढली की दट्ट्या वर येतो. वरचे झाकण उघडायचे, साखळी सोडवायची, सळईचा एकेक तुकडा उचलायचा आणि मोकळा करायचा, शेवटी दट्ट्या हातात येतो. वॉशर बदलला की सगळे उलट्या क्रमाने आत. गावातली दोन-तीन माणसे हे काम करू शकतात.

आणि ही माणसे कोण? उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात नव्वदच्या दशकात महिला समाख्या या कार्यक्रमातून गावातल्या बायकांनी हापसे दुरुस्त करायला शिकून घेतले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित कुटुंबांतल्या. ज्या हापशाला हात लावला तर शिव्या खाव्या लागत, तोच हापसा त्या पाना घेऊन उघडू लागल्या. पाणी आणायचे काम बाईचे, तर पाणी थांबले की सर्वांत आधी कळणार कुणाला? तिलाच. मग पाना तिच्याच हातात का नसावा? प्रश्न किती सोपा आहे, आणि तो सुचायला आपल्या व्यवस्थेला किती वर्षे लागली!

याच्या उलट एक उदाहरण देतो. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या देशांसाठी 'प्लेपंप' नावाची कल्पना निघाली. मुलांच्या फिरत्या चक्राला पंप जोडायचा. मुले खेळतील, चक्र फिरेल, टाकी भरेल. २००६ साली अमेरिकी सरकार आणि देणगीदारांनी मिळून त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत असे ४,००० पंप बसवायचे ठरले. एका पंपाची किंमत सुमारे १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हापशाच्या कितीतरी पट. झाले काय? मुले थोडा वेळ खेळून दमली. मोझांबिकमधल्या प्रौढ बायका ते चक्र वाकून, हातांनी ढकलत राहिल्या. बिघडले तर गावातल्या कुणाला दुरुस्त करता येईना, आणि कंपनीचा माणूस येईना. ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने हिशोब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढे पाणी काढायचे तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल! पुढे मोठ्या देणगीदारांनीच ही योजना फसल्याचे मान्य केले.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण त्या गावातल्या बाईला कुणी विचारले होते का? तुझा आत्ताचा पंप कसा आहे? तो बंद पडला तर तू काय करतेस? हे विचारायला १ कोटी डॉलर लागत नाहीत.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत २००९ च्या सुमारास अभ्यासकांनी अंदाज केला तेव्हा तीनांतला एक हापसा बंद होता. एका देशात एक संस्था एका जातीचा पंप बसवते, दुसरी दुसऱ्या जातीचा. सुट्या भागांचे दुकान कुणी काढायचे? आणि काढले तर कुणासाठी? केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. हापशाच्या दांड्यात मोबाइलवरून निरोप पाठवणारे छोटे यंत्र बसवले. दांडा हलायचा थांबला की मेकॅनिकला कळते. जोडीला दुरुस्तीची पगारी व्यवस्था उभी केली. पंप बंद राहण्याचा काळ सरासरी २७ दिवसांवरून तीन दिवसांच्या आत आला. कमाल यंत्राची आहे असे कुणी समजू नये. निरोप ऐकून मोटरसायकलवर निघणारा पगारी माणूस तिथे होता, ही खरी गोष्ट.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो मी घाईने उरकणार नाही.

बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. असे का? कारण बांधकामाला कर्ज मिळते, अनुदान मिळते, देणगी मिळते. कोनशिलेवर नाव येते. वॉशरवर कुणाचे नाव कोरणार? परदेशी संस्था असो, आपले सरकार असो किंवा उद्योगांचा सामाजिक निधी असो, सगळ्यांची रीत एकच. प्रकल्प द्या, तीन वर्षांत पूर्ण करा, अहवाल पाठवा. चौथ्या वर्षी वीजबिल कोण भरणार हा रकानाच अर्जात नसतो. आपल्या जिल्ह्यात किती नळयोजना वीजबिल थकल्यामुळे बंद पडल्या, याचा हिशोब तुम्ही गावाकडून ऐकताच.

आता देशाच्या पातळीवर पाहा. गावाने वीजबिल थकवले तर वीज तुटते, आणि देशाने व्याज थकवले तर पत तुटते. झांबियाने २०२० मध्ये हप्ते थांबवले, श्रीलंकेने आणि घानाने २०२२ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की सुमारे ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढे खर्च करते त्याहून अधिक कर्जाच्या व्याजावर करते. ३३० कोटी! जगातल्या दर पाचांतली दोन माणसे. आणि हे व्याज समान दराने असते असे समजू नका. श्रीमंत देशाला स्वस्तात मिळणारे कर्ज गरीब देशाला कित्येक पट महाग पडते.

व्याज भरायचे तर खर्च कुठे कापायचा? पगार कापला तर संप होतो. चालू बांधकाम थांबवले तर कंत्राटदार ओरडतो. दुरुस्ती पुढे ढकलली तर कुणी ओरडत नाही. तडा मुका असतो. म्हणून कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

त्यात हवामान बदलले आहे. २०२२ च्या पुरात पाकिस्तानात ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली, १,७०० वर माणसे गेली आणि सुमारे ३,००० कोटी डॉलरचे नुकसान झाले. जगाच्या कर्बउत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पूल वाहून गेला तर तो पुन्हा बांधायला कर्ज, त्या कर्जावर व्याज, आणि व्याजापायी उरलेल्या पुलांची दुरुस्ती पुढे ढकलली. हा फेरा लक्षात येतो का? श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केले होते की २०२० पर्यंत दरवर्षी १०,००० कोटी डॉलर उभे करू. तो आकडा त्यांच्याच हिशोबाने पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातलाही मोठा भाग कर्जाच्या रूपात. ज्याचे घर दुसऱ्याच्या धुराने काळवंडले, त्यालाच रंगकामासाठी कर्ज द्यायचे, हा न्याय नव्हे. हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

इथे कुणी मला विचारील, की मग तुम्ही बांधूच नका म्हणता का? मुळीच नाही. आफ्रिकेत आजही सुमारे ६० कोटी माणसांकडे वीज नाही. जगात २०० कोटींहून अधिक माणसांना घरात सुरक्षित पाणी मिळत नाही. आपल्याला बांधायचेच आहे, आणि ज्यांचे रस्ते, रेल्वे, गटारे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बांधून झाली त्यांनी आपल्याला काटकसरीचे धडे देऊ नयेत. पण ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला एकच गोष्ट दोनदा बांधणे परवडत नाही. देखभाल ही श्रीमंतांची चैन नाही, ती गरिबांची सर्वांत मोठी बचत आहे. या मुलखातल्या माळवदाच्या घरात वाढलेल्यांना हे माहीत आहे. पावसाआधी माळवदावर माती टाकून ती चोपली नाही, तर आषाढात अख्खी रात्र भांडी मांडत बसावे लागते.

चौथा मुद्दा. यंत्र सांभाळले, पण झरा सांभाळला नाही, तर काय?

बांगलादेशाकडे पाहा. तिथल्या खेड्यांत तळ्याचे पाणी पिऊन मुले हगवणीने दगावत. म्हणून सत्तरच्या दशकापासून घरोघर कूपनलिका बसल्या. नव्वदच्या दशकापर्यंत जवळजवळ सगळ्या ग्रामीण जनतेला जंतुविरहित पाणी मिळाले, असा डंका पिटला गेला, आणि त्यात तथ्य होते. मग १९९३ मध्ये चापाई नवाबगंजच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. जवळच्या पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांना आर्सेनिकचे रुग्ण १९८३ मध्येच दिसले होते. गाळाच्या थरातले ते विष उथळ कूपनलिकांतून वर येत होते. चव नाही, वास नाही, रंग नाही. तळव्यांना कडक गाठी येतात, कातडीवर डाग पडतात, आणि काही वर्षांनी कर्करोग. कोट्यवधी माणसे ते पाणी पीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे झाले.

सरकारने सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या. ज्यात विष ती लाल रंगवली, ज्यात नाही ती हिरवी. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. मोठे काम होते, त्याचे कौतुकच केले पाहिजे. पण पुन्हा तोच प्रश्न. मग? पुढे काय? रंग पावसाने उडाला. नव्या कूपनलिका बसत राहिल्या, त्या तपासल्या गेल्या नाहीत. खोल, सुरक्षित कूपनलिका द्यायची वेळ आली तेव्हा कित्येक ठिकाणी ती वजनदार माणसाच्या अंगणात गेली. २०१६ मध्येही सुमारे २ कोटी लोक आर्सेनिकचे पाणी पीत असल्याचे सांगितले गेले. तपासणी हीसुद्धा देखभाल आहे. रंगाचा दुसरा हात हीसुद्धा देखभाल आहे. आणि सुरक्षित पंप कुणाच्या दारात बसतो, हा देखभालीतला सर्वांत अवघड भाग आहे.

आता आपल्याकडे या. भारत जगातला भूजलाचा सर्वांत मोठा उपसा करणारा देश आहे. जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलाचा सुमारे चौथा हिस्सा आपला. दख्खनचा खडक काळा बसाल्ट. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि फटींत. फार खोल गेल्याने पाणी वाढत नाही, शेजाऱ्याचे खाली जाते. गावाचा हापसा ज्या फटीतून पाणी घेतो, त्याच फटीत शेजारच्या मळ्यात सातशे फुटांचा बोअर आणि वीजपंप उतरतो. हापसा ठणठणीत, वॉशर नवा, बाई प्रशिक्षित, आणि खाली पाणीच नाही. आता कोणता पाना चालवायचा?

महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या क्षेत्राच्या साधारण चार टक्क्यांवर असतो आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा घेतो, असा अंदाज अभ्यासक देत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात उजनीसारखे धरण आहे, कारखान्यांची धुराडी आहेत, आणि तरीही या शहराने नळाला चार-पाच दिवसांआड येणारे पाणी पाहिले आहे. मी ऊस उत्पादकाला दोष देत नाही. हमखास भाव मिळणारे दुसरे पीक आपण त्याला दिलेले नाही. पण पाण्याची वाटणी हा ज्याच्याकडे पंपाची ताकद जास्त त्याचा प्रश्न राहिला, तर कोणतीही योजना टिकणार नाही.

हे बदलता येते का? येते. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येने वाटायचे. भूमिहीनालाही त्याचा हिस्सा. ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा नियम केला. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, प्यायला किती ठेवायचा, मग कोणते पीक. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असे गावाने ठरवले आणि पाळले. या दोन्ही ठिकाणी खरे बांधकाम कशाचे झाले? नियमांचे. आणि नियमांचीसुद्धा दरवर्षी देखभाल करावी लागते, नाहीतर तेही गंजतात.

चारही मुद्दे एकत्र ठेवतो. एक, आपण बांधलेले मोजतो, चालणारे मोजत नाही. दोन, दुरुस्तीचे ज्ञान आणि अधिकार वापरणाऱ्यापासून लांब ठेवतो. तीन, बांधायला पैसा देतो, चालवायला देत नाही, आणि व्याज त्यातलेही खेचून नेते. चार, यंत्राकडे पाहतो, झऱ्याकडे आणि त्याच्या वाटणीकडे पाहत नाही. गरीब देशांच्या शाश्वत विकासाचे आव्हान म्हणजे या चार सवयी.

मग करायचे काय? जागतिक पातळीवर आपण दोन गोष्टी मागू. हवामानाच्या नुकसानीची भरपाई कर्जाने नको, अनुदानाने हवी. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या मदतीत पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या देखभालीचा हिस्सा सुरुवातीलाच धरलेला हवा. हे मागायचा नैतिक अधिकार भारताला आहे, कारण हापशाची मोकळी मापे जगाला देणारा देश तो आहे.

पण जगाची वाट न पाहता आपल्या गावात, आपल्या प्रभागात उद्यापासून करण्याजोगे एक काम आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भागात सहांपैकी एका घरात नळ होता. आता १५ कोटींहून अधिक घरांपर्यंत नळ गेला आहे. देशाने हे फार मोठे बांधकाम केले आहे, आणि म्हणूनच पुढची दहा वर्षे कसोटीची आहेत. हे नळ २०३५ मध्ये वाहत असतील का? याचे उत्तर दिल्लीत ठरणार नाही. ते ग्रामसभेत ठरेल.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत उभे राहून चार प्रश्न विचारा. आपल्या गावात बांधलेल्यांपैकी आज चालू काय आहे, त्याची यादी कुठे आहे? बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार, आणि त्या माणसाला किंवा बाईला पगार कोण देणार? वीजबिलाचा आणि सुट्या भागांचा पैसा कोणत्या खात्यात आहे? आणि झऱ्यातले पाणी किती, ते कुणाला किती मिळते? उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहा. नव्या कामाची फीत कापायला पुढारी आले, तर आदराने त्यांचे स्वागत करा आणि आधी जुन्या कामावर घेऊन जा. ज्या गावातला माणूस हे प्रश्न दरवर्षी विचारतो, त्या गावाचा विकास टिकतो. आपल्या देशाला अशा गावांची गरज आहे, आणि ती गावे तुम्हीच घडवू शकता.